विदेशी खरेदी आणि दाराशी आलेले सीमाशुल्क



असोद्यातील माझ्या परिचयाचे एक कापड व्यापारी मागील महिन्यात सकाळीच घरी आले. सोबत चिरंजीव होते. दुकानातील भरतकामाच्या यंत्राचा एक सुटा भाग चिरंजिवांनी विदेशी संकेतस्थळावरून मागविला होता. किंमत सुमारे दहा हजार रुपये. आठवड्याभराने कुरिअर कंपनीचा निरोप आला, “माल विमानतळावर अडला आहे. बीजकावर किंमत साडेतीन हजार लिहिलेली आहे, ती पटत नाही. रक्कम दिल्याचा पुरावा द्या.” विक्रेत्याने ग्राहकावर कृपा म्हणून परस्पर किंमत कमी लिहिली होती आणि चिरंजिवांना ते आधी कळवलेही होते. त्यांनी गप्प राहून संमती दिली.

वडील म्हणाले, “साहेब, सवलतीच्या सेलमध्ये घेतला असे लिहून दिले तर चालेल का?” मी म्हणालो, “शेटजी, बँकेच्या उताऱ्यात दहा हजार गेलेले दिसतात. आता दुसरे खोटे लिहाल, तर पहिल्याला कोण सांभाळणार?” अखेर खरी पावती व उतारा पाठविला. पूर्ण शुल्क भरावे लागले, वर थोडा दंडही. माल मिळाला, परंतु जो मनस्ताप झाला, त्याची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना गावाच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. सीमाशुल्क म्हणजे देशाच्या वेशीवरची जकातच. विदेशी विक्रेत्याच्या पानावर दिसते ती केवळ वस्तूची किंमत. वेशीवरचा हिशेब निराळा असतो. वस्तूची किंमत, वाहतूक खर्च व विमा यांची बेरीज म्हणजे शुल्कासाठीचे मूल्य. त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सर्वांच्या बेरजेवर आयजीएसटी.

केवळ गणित समजावे म्हणून मूळ शुल्क २० टक्के व आयजीएसटी १८ टक्के धरू. वस्तू १०,००० रुपयांची, वाहतूक व विमा २,००० रुपये. मूल्य झाले १२,०००. त्यावर मूळ शुल्क २,४००, अधिभार २४०. बेरीज १४,६४०. तिच्यावर आयजीएसटी सुमारे २,६३५. म्हणजे एकूण शुल्क ५,२७५ रुपये आणि दहा हजारांची वस्तू दारी येईपर्यंत १७,२७५ रुपयांची! कुरिअर कंपनीचे सेवाशुल्क त्याउपर. प्रत्यक्ष दर वस्तूनुसार निराळे असतात व अर्थसंकल्पात बदलतात. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी चालू दर पाहावा. शुल्क विक्रेता आगाऊ घेणार की आपण दारात भरायचे, हेही लेखी विचारून घ्यावे.

व्यापारी बंधूंसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. दुकानाची वस्तू मुलाच्या व्यक्तिगत नावावर मागविली, तर आयजीएसटी खर्चात जमा होतो. तीच वस्तू पेढीच्या नावाने, आयात-निर्यात संकेतांक घेऊन, आयातपत्रावर जीएसटी क्रमांक घालून आणली, तर नियमानुसार त्या आयजीएसटीची वजावट मिळू शकते. मूळ शुल्काची मात्र मिळत नाही. आमच्या शेटजींचे नुकसान दंडापेक्षा येथेच अधिक झाले.

“भेटवस्तू म्हणून पाठवा” ही दुसरी पळवाट. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती. तिचा गैरवापर वाढला आणि १२ डिसेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ती बंद केली. अपवाद दोनच ठेवले: जीवनरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतच्या भेटवस्तू मात्र त्यात येत नाहीत. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू आणण्यास बंदी नाही. शिवाय एकूण शुल्क शंभर रुपयांपर्यंत होत असेल, तर ते आकारले जात नाही, अशी तरतूद सीमाशुल्क कायद्यात आहे. तेव्हा परदेशी असलेल्या लेकीने भावाला साधी राखी पाठवावी. सोबत महागडे घड्याळ आले, तर त्याचा हिशेब द्यावाच लागेल.

हा अनुभव आपल्याकडेच येतो असे नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्कमाफी होती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती संपली. शुल्क कोणी व कसे गोळा करावे हे स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासूनच तिकडील बहुतेक पार्सलची नोंदणी थांबवावी लागली. ती १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली; परंतु जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क येथेच आगाऊ भरण्याच्या अटीवर. फराळाच्या डब्यालाही वेस चुकली नाही.

सावधगिरीचा एक इशाराही आवश्यक आहे. “तुमचे पार्सल विमानतळावर अडकले आहे, अमुक खात्यात लगेच पैसे भरा, नाहीतर अटक होईल,” असे दूरध्वनी येतात. सीमाशुल्क विभाग कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर ‘डिन’ हा ओळखक्रमांक असतो व तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आपण काहीच मागविलेले नसेल, तर फोन ठेवून द्यावा. मागविले असेल, तर कुरिअरच्या मूळ संकेतस्थळावर पार्सलचा क्रमांक स्वतः टाकून पाहावा.

शेवटी मूळ मुद्द्याकडे येतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे वापरणे व मालात भेसळ करणे यांच्या पंक्तीतच ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याचा नियम ओलांडून व्यवहार करणे, हाही दोष मोजला आहे. तराजू अचूक ठेवणारे आपले घराणे बीजकावरील खोट्या आकड्याला दोष मानत नसेल, तर ते व्रत अर्धेच पाळले गेले. किंमत विक्रेत्याने लिहिली हे खरे. परंतु अनुमोदन आपले असते, आणि कृत, कारित व अनुमोदित यांत आपला धर्म भेद करीत नाही.

जाता जाता ते चिरंजीव म्हणाले, “काका, पुढच्या वेळी आधी हिशेब, मग मागणी.” मी म्हटले, “आणि मागणीबरोबर विक्रेत्याला एक ओळ लिहा, किंमत खरीच लिहावी.”