जाऊन-येऊन

दिवाळीला चिरंजीव पुण्याहून मुलुंडला आले खरे, पण जीव तिकडच्या संगणकांतच! शेकडो यंत्रे एकच गणित वाटून घेतात आणि टप्प्याटप्प्यावर एकमेकांच्या उत्तरांसाठी थांबतात. १९९१ सालचा सी-डॅकचा ‘परम ८०००’ही असाच, अनेक प्रोसेसर जोडून केलेला. यांच्याकडे आठ दिवस कुठेतरी निरोप रेंगाळत होते आणि सारा ताफा ताटकळत होता. पाडव्यालाच परत जायचे म्हणत होता.

“निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, वजाबाकी कर की!” मी म्हणालो.

“बाबा, दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळतात कुठे?”

हे मात्र पटले. १९५५ पर्यंत या शहरात ‘मुंबई टाइम’ पाळत, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटे मागे. आमच्या आजोबांची गाडी त्याच घोळात चुकली होती.

म्हणून निरोप पाठवायचा, लगेच परत मागवायचा, एकाच घड्याळावर मोजायचे आणि निम्मे करायचे. असे हजारो वेळा. चांगल्या जाळ्यात उत्तर येते सेकंदाचे काही दशलक्षांश!

“निम्मे का?” सौभाग्यवती बासुंदी वाढता वाढता म्हणाल्या. “सकाळी घाटकोपरहून दादरला जाणे आणि संध्याकाळी परत येणे, सारखेच का रे असते?”

चिरंजीवांचा हात वाटीतच थांबला. जाण्याची चपळाई येण्याची रखडपट्टी झाकत असेल तर?

पानावरूनच त्याने पुण्याला फोन लावला. “दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासा,” तो सांगत होता, “हो, आत्ताच!”

सौभाग्यवतींनी विचारले, “मग पाडव्याला आहेस ना?”