नदीला व्यक्ती मानले तर बिघडले कुठे?

नदीला कायद्याने व्यक्ती मानणे हा निव्वळ भाबडेपणा आहे, असे एका विद्वान विधिज्ञांनी नुकतेच ठासून सांगितले. ज्याला बुद्धी नाही, इच्छा नाही, ज्याला तुरुंगात टाकता येत नाही, ते व्यक्ती कसले? व्यक्ती म्हणजे माणूस, संपला विषय!

विषय इतक्या सहज संपत नाही. हेच विद्वान कंपनीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याची मला चीड येते. कंपनीला कुठली बुद्धी? लंडनच्या ॲरन सॉलोमनने बुटांचा आपलाच धंदा आपल्याच कंपनीला विकला. २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्याचे. उरलेले सहा बायको, मुलगी आणि चार मुलगे यांचे, प्रत्येकी एक. वर किमतीपोटी कंपनीकडून १०,००० पौंडांचे तारणी कर्जरोखे घेतले. वर्षा-दोन वर्षांत कंपनी बुडाली. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. बिनतारणी धनको हात चोळत बसले. एका घरच्या पंगतीत मावणाऱ्या या 'व्यक्ती'ची स्वतःची इच्छा कोणती होती? तिला कोणत्या तुरुंगात टाकणार होते? तरी जगभरचा व्यापार आज याच निकालाच्या पायावर उभा आहे. नफ्याला व्यक्तित्व मिळते तेव्हा ते तर्कशुद्ध, आणि पाण्याला मिळाले की भाबडेपणा!

उलट, बुद्धी आणि इच्छा दोन्ही असलेल्या गुलामाला रोमन कायद्याने मालमत्तेत मोजले. तेव्हा माणूसपणाची कसोटी इथेही टिकत नाही.

देवाच्या व्यक्तित्वावरून आपल्याकडे हा वाद पूर्वीच होऊन गेला आहे. डाकोरच्या रणछोडरायापुढे येणारी दाने आमचीच, असा तिथल्या सेवकांचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ साली तो मानला नाही. दान देवाचे, सेवकांनी त्याचा हिशेब द्यावा, असे ठरले. देवाला व्यक्ती मानल्याने कोणाची श्रद्धा वाढली की नाही, ते सोडा. पैशाला जाब विचारणारा धनी मिळाला.

नदीलाही मी एवढेच मागतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवले, पण पालक नेमले ते मुख्य सचिव, महाधिवक्ता आणि 'नमामि गंगे'चे संचालक. ज्या सरकारला जाब विचारायचा, त्याचेच लोक! पुराची भरपाई कोणी द्यायची, असे विचारत राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलैत स्थगिती आली. या स्थगितीवर आमचे विद्वान खूश आहेत. पण चूक पालकांच्या निवडीत होती. त्याच वर्षी न्यूझीलंडने वांगानुई नदीसाठी कायदा केला. तिच्या वतीने बोलायला दोघे जण, त्यांतला एक माओरी समाजाने सुचवलेला. आणि नदीच्या आरोग्यासाठी तीन कोटी डॉलरचा वेगळा निधी. गंगेलाही सरकारबाहेरचा पालक द्या, त्याच्या हाती निधी द्या आणि सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिकेवर दावा लावायची मुभा द्या.