शॉकअप बदलले, खड्डे तिथेच!

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात हल्ली थार, स्कॉर्पिओ आली की लगेच लिफ्ट किट आणि भारीतले शॉकअप टाकायचे, अशी टूमच निघालीय. हौसेला मोल नाही, मान्य. पण गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर उलटायचा धोका वाढतो. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत वाटेल तसा फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

मूळ दुखणं रस्त्याचं आहे, मित्रांनो. खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरून गाळप हंगामात ओव्हरलोड ट्रॉल्या. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण १६ पट होते, हे रस्ते बांधणाऱ्यांचं जुनं गणित.

ज्याच्याकडे पैसा, त्यानं शॉकअप बदलले. त्याला खड्डा जाणवेना, मग तो बोलेना. एसटीतली म्हातारी, १०८ च्या गाडीत कळा सोसणारी पोरगी, यांनी काय बदलायचं?

गाळप सुरू व्हायच्या आत ग्रामसभेत एवढंच विचारा : आपल्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो? तोवर खड्डे बुजवायचा खर्च ठेकेदाराचा. आपल्या खिशातला नाही!