गाडी घेऊ, पण प्लग कुठे?

कॅन्टीनमध्ये पुन्हा तोच वाद: इलेक्ट्रिक गाडी आपल्याला परवडेल का? मी म्हणतो, गाडी परवडेल, पार्किंग परवडणार नाही!

हिशेब बघा. सप्टेंबर 2022 मध्ये टाटांची टियागो ईव्ही 8.49 लाखांपासून बाजारात आली. जीएसटी फक्त 5 टक्के. लहान मॉडेलची बॅटरी 19.2 युनिटची; युनिटला 10 रुपये धरले तरी दोन-सव्वादोनशे रुपयांत टाकी (सॉरी, बॅटरी) फुल्ल.

पण हे गणित घरच्या मीटरचं. मी मीरा रोडचा. आमची बिल्डिंग चार मजली, पार्किंग म्हणजे गेटबाहेरचा रस्ता. बाबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार्जिंग पॉइंटचा विषय काढला, तर सेक्रेटरी काका म्हणाले, "आधी टँकरच्या बिलाचं बोला." सगळे हसले. मग काय, तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडायची? भर पावसाळ्यात? इलेक्ट्रिकलवाल्यांनीच सांगावं. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट महाग, म्हणजे बचत तिथेच संपली. टॉवरवाल्यांना हा प्रश्नच नाही, पण स्वस्त गाडी हवीय ती आमच्यासारख्यांना.

ऑगस्ट 2025 पासून सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतूवर टोल माफ केला. छान! पण मीरा रोडहून रोज तिकडे जातो कोण? लंडनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरच चार्जर बसवलेत. आमच्या महापालिकेने एका गल्लीत तरी करून बघावं.

बाबांनी पुढच्या मीटिंगसाठी विषय परत दिलाय. टँकरच्या नंतरचा नंबर आहे.