गळतीचा भुर्दंड कोणावर?

संकेतस्थळांतून नागरिकांची खाजगी माहिती बाहेर पडल्याच्या बातम्या इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की, हवामानाचे वृत्त वाचावे तशा त्या वाचून वाचक पान उलटतो. बातमीत 'तांत्रिक त्रुटी' हे शब्द आले की प्रश्न मिटला असे मानण्याची प्रथाच पडली आहे. तंत्रज्ञांचा विषय तंत्रज्ञांनी पाहावा, इतरांनी त्यात डोके घालू नये, असा हा संकेत आहे. तो मोडणे आवश्यक आहे. कारण या त्रुटींच्या मुळाशी गेले की अर्थशास्त्रातील एक जुनाच प्रश्न सामोरा येतो: हलगर्जीपणाचा लाभ कोणाला आणि त्याचा भुर्दंड कोणाला?

प्रथम त्रुटीचे स्वरूप समजावून घेऊ. आज मोठे संकेतस्थळ कोणी शून्यापासून रचीत नाही. जँगो, लाराव्हेल, रेल्स, स्ट्रट्स अशा नावांच्या तयार चौकटी, म्हणजे फ्रेमवर्क, उपलब्ध असतात. त्यांतली एक घ्यायची आणि तीवर आपल्या कामाचा इमला चढवायचा, अशी ही रीत आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला चूक शोधणे सुकर व्हावे म्हणून या चौकटींत 'डीबग' नावाची सोय असते. ती चालू असताना काही बिघडले, तर बिघाडाचा सारा पंचनामा पडद्यावर उमटतो: कोणत्या फाइलची कोणती ओळ, कोणती आवृत्ती, कोणती मांडणी. लाराव्हेलच्या जुन्या आवृत्त्यांत तर डेटाबेसचा पासवर्डही त्या पानावर येत असे. कार्यशाळेत ही सोय योग्यच. पण संकेतस्थळ लोकांना खुले करताना ती बंद करावयाची असते. जँगोत नवे काम सुरू केले की ती आपोआप चालू असते. खुल्या संकेतस्थळावर ती कदापि चालू ठेवू नये, असा इशारा माहितीपुस्तिकेत दिलेला आहे. मात्र मुदतीच्या आत काम उरकण्याच्या घाईत असलेल्या ठेकेदाराकडे इशारे वाचण्याची सवड नसते.

काही वेळा दोष खुद्द चौकटीतच असतो. सप्टेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या चौकटीत असा दोष आढळला की, चुकीच्या विनंतीला सर्व्हर कसे उत्तर देतो एवढे पाहत राहिले तरी गुप्त मजकूर उलगडता येई. कंपनीला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीची दुरुस्ती काढावी लागली. मार्च २०१९ मध्ये रेल्स या चौकटीत तसाच एक दोष उघडकीस आला. विनंतीसोबत जाणाऱ्या एका ओळीत फेरफार करून सर्व्हरवरील नको ती फाइल वाचता येत होती. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली. परंतु दुरुस्ती निघणे आणि ती बसविली जाणे यांत अंतर असते, आणि ते अंतर ज्याच्या त्याच्या हिशेबाने ठरते.

तो हिशेब कसा असतो, हे अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीच्या प्रकरणाने दाखवून दिले. लोकांची पत मोजण्याचा धंदा करणाऱ्या या कंपनीच्या एका संकेतस्थळाखाली स्ट्रट्स ही चौकट होती. तिच्यातील दोष बाहेरच्याला थेट सर्व्हरवर हुकूम चालवू देणारा, म्हणजे अधिकच घातक होता. ७ मार्च २०१७ रोजी त्याची दुरुस्ती विनामूल्य उपलब्ध झाली. इक्विफॅक्सने ती त्या संकेतस्थळावर बसविली नाही. मे महिन्याच्या मध्यास घुसखोर आत शिरले आणि ७६ दिवस बिनबोभाट वावरले. आतल्या डेटाबेसांची नावे-पासवर्ड त्यांना उघड्यावर ठेवलेले सापडले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीच्या माजी प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे खुलासा केला, तो असा की, एका व्यक्तीने दुरुस्तीची सूचना पुढे पोहोचविली नाही आणि तपासणीच्या यंत्रणेलाही दोष सापडला नाही. अब्जावधी डॉलरच्या कंपनीचे संरक्षण एका नोकराच्या एका निरोपावर अवलंबून होते, याची लाज कोणाला वाटावी?

येथे बाजार शिक्षा करील, असे सांगणारे पंडित भेटतात. परंतु ज्यांची माहिती गेली ते बहुतेक इक्विफॅक्सचे गिऱ्हाईकच नव्हते! त्यांना न विचारता ती गोळा केलेली होती. जो गिऱ्हाईक नाही, तो दुकान बदलणार कसा? २०१९ मध्ये तडजोड झाली आणि पीडितांना १२५ डॉलरपर्यंत रोख मिळतील असे जाहीर झाले. त्यासाठीची राशी होती ३ कोटी १० लाख डॉलर. सर्व पीडितांनी मागणी केली असती, तर दरडोई एकवीस सेंट वाट्याला आले असते. कारखान्याने नदीत सांडपाणी सोडावे आणि आजार खालच्या गावाने सोसावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

या अर्थव्यवहाराला दुसरीही बाजू आहे. या चौकटी आणि त्यांच्याखालची साधने ही समाजाची सामाईक मालमत्ता आहे. पण तिची निगा राखणारे श्रम पुष्कळदा बिनमोल असतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या साधनात 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला आणि सर्व्हरच्या स्मृतीतील गुपिते बाहेर ओढता येतात हे जगाला कळले. जगातील असंख्य संकेतस्थळांचे कुलूप असलेल्या या साधनासाठी पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाकाठी देणग्या जेमतेम २,००० डॉलरच्या येत. विहिरीवर मोटा सर्वांच्या, गाळ उपसायला मात्र कोणी नाही!

आपल्या देशातही याच चौकटींवर संकेतस्थळे उभी आहेत. येथला कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३अ हे कलम निष्काळजी कंपनीकडून पीडिताला भरपाई मिळवून देणारे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते वगळण्याची तरतूद केली आहे. नव्या कायद्यात सुरक्षेतील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याच्या हाती काही नाही. उलट कायद्याने सांगितलेल्या कर्तव्यांत नागरिक चुकला, तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड! शिवाय आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे राखून ठेवला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. पीडिताचा भरपाईचा हक्क कायद्यात कायम राहिला पाहिजे. आवश्यक तेवढीच माहिती गोळा करण्याचे बंधन सरकारी खात्यांनाही लागू असले पाहिजे. जे साठविलेच नाही ते गळत नाही. सार्वजनिक पैशाने उभारलेल्या संकेतस्थळांच्या ठेक्यात दुरुस्ती बसविण्याची मुदत लिहिलेली असावी आणि तपासणीचे अहवाल प्रसिद्ध व्हावेत. सद्भावनेने दोष दाखवून देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळावे. आणि सामाईक साधनांच्या देखभालीसाठी सरकारी निधी हवा. जर्मनीने २०२२ मध्ये असा निधी सुरू केला. रस्ते आणि पूल यांच्याइतकीच ही साधनेही आज लोकजीवनाचा आधार आहेत.

दोष शंभर टक्के टळतील, असे कोणीही सांगू शकणार नाही. पण दोषाची किंमत कोणी मोजायची, हे ठरविणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. जोवर ती किंमत निरपराध नागरिक मोजतो, तोवर दुरुस्तीची घाई कोणालाच होणार नाही.