पाण्यावरील बिऱ्हाडे आणि संकटाची तयारी

इंग्लंड, अमेरिका आदि देशांत ‘मरीना’ या नावाचे होड्यांचे बंदिस्त तळ असतात. तेथे धक्क्यास बांधलेल्या शिडाच्या नौकांपैकी काहींत माणसे बारमाही बिऱ्हाड करून राहतात. स्वयंपाक, निजणे, मुलांचा अभ्यास, सर्व काही त्या अरुंद जागेत. सुट्टी लागताच दोर सोडून घरासकट सफरीस निघावे, ही कल्पना आमच्या विद्यार्थ्यांस मोहक वाटेल यात नवल नाही. परंतु घरासह निघणाऱ्यावर संकट येते तेही घरासकटच. म्हणून या मंडळींनी संकटाची तयारी कशी करावी, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

तयारी म्हणजे साहित्य विकत घेणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळील फास्टनेट खडकास वळसा घालून परतण्याच्या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. वाटेत वादळाने गाठले व १५ स्पर्धक प्राणास मुकले. २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांपैकी पाचच बुडाल्या, बाकीच्या एकोणीस नंतर हाती लागल्या. उलट, मृतांपैकी सातजण जीवरक्षक तराफ्यांशी निगडित प्रसंगांत गेले. त्या काळरात्री नौका सोडणाऱ्यांस दोष देण्याचा अधिकार कोरड्या जमिनीवर बसलेल्या आम्हांस नाही. तथापि तराफा जवळ असणे निराळे आणि तो केव्हा पाण्यात टाकावा हे जाणणे निराळे, एवढे यावरून दिसते. नौका पायाखाली असेपर्यंत ती सोडू नये, असे अनुभवी खलाशी सांगतात.

नौका धक्क्यास बांधलेली असतानाही धोका टळत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्यामुळे गळला तर नौकेच्या तळाशी साचतो, आणि एक ठिणगी पुरे होते. थंडीत दारेखिडक्या लावून शेगडी पेटविली, तर कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू निजलेल्यांचा प्राण घेतो. गॅसची तोटी कोठे आहे व आग विझविण्याचे नळकांडे कसे चालवावे, हे घरातील दहा वर्षांच्या मुलासही अंधारात सापडले पाहिजे. ते सरावावाचून येत नाही.

आणखी एक साधी रीत आम्हांस फार आवडते. सफरीस निघणारा मनुष्य शेजारच्या नौकेत एक चिठ्ठी ठेवतो : बरोबर कोण, मार्ग कोणता, परत केव्हा, उशीर झाल्यास कळवावे कोणास. आता उपग्रहामार्फत हाक पोहोचविणारी यंत्रे असताना चिठ्ठी कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या यंत्राची हाक आली म्हणजे बचाव करणारे अधिकारी नोंदविलेल्या आप्तास दूरध्वनी करून विचारतात, नौका खरोखर समुद्रात आहे काय? त्यास काहीच ठाऊक नसेल तर तो काय उत्तर देणार?

आमच्या किनाऱ्यास ही गोष्ट परकी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. पुढे १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान होडी आदळली, तेव्हा अनेक उतारूंच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती.

जाकीट उकडते, ओंगळ दिसते, अशी तक्रार मुले करतात. आणि खेद असा की, पालकही तीत सामील होतात. यंदाच्या सुट्टीत जी कुटुंबे लाँचने मांडव्यास वा रेवसला जातील, त्यांतील वडीलधाऱ्यांनी चढण्यापूर्वी तांडेलास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : जाकिटे उतारूंइतकी आहेत काय, आणि मुलांच्या मापाची किती? मग लाँच धक्क्यास असतानाच प्रथम स्वतःचे पट्टे बांधावेत व नंतर मुलांचे.