नवी कोरी टॉर्च पेटत नाही? परत पाठवण्याआधी मागचे झाकण उघडा

जानेवारीतली गोष्ट. त्या आठवड्यात आमच्या फीडरवर शेतीची वीज रात्रीची होती आणि कांद्याला पाणी द्यायचे होते. जुन्नर तालुक्यात रात्री शिवारात जायचे म्हणजे उसाच्या कडेने जायचे, आणि उसात कोण बसलेले असते ते तिकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून धाकट्या भावासाठी मी चांगली टॉर्च मागवली होती. साडेतीन हजारांची, मुठीत मावणारी, लांबवर झोत टाकणारी. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला.

"दादा, ही मेलेलीच आलीय. बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागला."

मी म्हणालो, "आधी बॅटरी काढून बघ."

"अरे, बॅटरीच पेटत नाही म्हणतोय ना मी!"

आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, आणि तिच्या पोटात घालतात तो सेल. कंपनीच्या मदतवाहिनीवरच्या मुलीने त्याला आधी हेच सांगितले होते, 'बॅटरी काढून परत बसवा.' कशातून काय काढायचे हे काही त्याला कळले नव्हते. मी म्हणालो, मागचे झाकण फिरवून काढ आणि आतला सेल बाहेर घे. दोन मिनिटे शांतता. मग, "सेलच्या बुडाशी एक पांढरी गोल चकती आहे, प्लॅस्टिकची. टाकून देऊ?"

चकती टाकली, टॉर्च पेटली. तोवर त्याने ॲपवर 'सदोष वस्तू' म्हणून परतीची विनंती नोंदवली होती.

गेल्या पाच-सहा वर्षांत 'नवी पण मेलेली' म्हणून माझ्या हाती आलेल्या अशा टॉर्चपैकी खरोखर बिघडलेली एकच निघाली. बाकीच्या ठणठणीत होत्या. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: या टॉर्च बनवण्यात खोट कमी असते, त्या लोकांच्या हाती देण्याच्या पद्धतीत जास्त असते. साडेतीन हजारांची वस्तू विकणाऱ्याला 'ही चकती काढा' एवढे ठळक अक्षरांत छापायला जड का जावे?

चकती कशासाठी?

जुन्या पत्र्याच्या टॉर्चमध्ये दोन सेल, एक पट्टी आणि एक बल्ब असे. बटण सरकवले की पट्टी टेकायची, उजेड पडायचा. नव्या टॉर्चमध्ये एलईडी आणि सेल यांच्यामध्ये एक सर्किट बसलेले असते. बटणाच्या प्रत्येक दाबाचा अर्थ ते लावते. बटण बाजूला असलेल्या टॉर्चमध्ये हे सर्किट बंद अवस्थेतही जागे असते आणि थोडी थोडी वीज पीत राहते. गोदामात महिनोन्महिने पडलेला सेल त्यामुळे उतरू नये, आणि प्रवासात बटण दाबले जाऊन टॉर्च खोक्यातच पेटू नये, यासाठी सेलच्या टोकाशी ही चकती घालतात. कधी ती पांढरी असते, कधी पारदर्शक. पारदर्शक असेल तर सेल काढूनही दिसत नाही. नखाने चाचपून पाहावी लागते. एक मात्र ध्यानात ठेवा. चकती दोन्ही टोकांना असू शकते, त्यामुळे एक निघाली की थांबू नका. सेलचे आतले टोक आणि झाकणातली स्प्रिंग, दोन्ही बघा.

हे सगळे करताना भिंग भिंतीकडे ठेवा. दोष सापडला की टॉर्च अचानक पूर्ण ताकदीने पेटू शकते, आणि बटण दाबत दाबत भिंगात डोकावून बघायची सवय बहुतेकांना असते. दोन हजार ल्युमेनचा झोत हातभर अंतरावरून डोळ्यांत जाणे ही गमतीची गोष्ट नाही.

टॉर्चला कुलूप?

चकती नाही, सेल भरलेला आहे, तरी अंधार. मग दुसरा संशय लॉकआउटचा. मोबाइलला जसे लॉक असते तसेच या टॉर्चला असते. काही टॉर्च कारखान्यातूनच लॉक होऊन येतात, काही आपण बटणाशी खेळताना नकळत लॉक करतो.

उघडण्याची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि खरा वैताग इथेच आहे. कुठे भराभर चार वेळा दाबायचे, कुठे तीन, कुठे बटण काही सेकंद दाबून धरायचे. हौशी लोकांच्या बऱ्याच टॉर्चमध्ये 'अँडुरिल' नावाची मुक्त-स्रोत प्रणाली असते. (टॉल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या तलवारीचे हे नाव.) तिच्या सध्याच्या आवृत्तीत चार झटपट दाब दिले की कुलूप लागते आणि तसेच चार दिले की उघडते. तिचे एक बरे आहे. कुलूप असतानाही बटण दाबून धरले तर मिणमिणता उजेड येतो आणि सोडले की जातो. असे दिसले तर टॉर्च जिवंत आहे आणि फक्त कुलूपबंद आहे, हे पक्के समजा. इतर काही टॉर्चमध्ये बटणाखालचा छोटा दिवा दोन-तीनदा लुकलुकतो. त्याचाही अर्थ बहुधा तोच.

लॉकआउट ही कटकट आहे, काढून टाका, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. या टॉर्चचा पूर्ण ताकदीचा झोत कापडाला भिडून राहिला तर कापड करपते. सॅकमध्ये कपड्यांच्या गठ्ठ्यात किंवा पँटच्या खिशात ती चुकून पेटणे धोक्याचे आहे. कुलूप हवेच. फक्त किल्ली कशी फिरवायची हे खोक्याच्या झाकणावर छापा. चोवीस पानी पुस्तिकेच्या सोळाव्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत नको.

आट्यांचा खेळ

तिसरी जागा म्हणजे मागचे झाकण. ॲल्युमिनियमच्या टॉर्चवर जो काळा किंवा रंगीत टणक थर असतो, तो अॅनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा. त्यातून वीज वाहत नाही. वीज एलईडीपासून नळीच्या अंगातून झाकणापर्यंत येते आणि नळीच्या टोकाच्या उघड्या चकचकीत कडेतून झाकणात उतरते. झाकण पाव फेरा जरी सैल असले तरी ती कड टेकत नाही, आणि आट्यांवरही थर असेल तर दुसरी वाट उरत नाही. टॉर्च मुकी.

जाणकार लोक याचाच उपयोग करतात. प्रवासाला निघताना झाकण मुद्दाम पाव फेरा सैल करतात. ते सर्वांत खात्रीचे कुलूप. पण पहिल्यांदाच टॉर्च घेतलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तो काचेच्या बरणीसारखे हलक्या हाताने झाकण लावतो. तेव्हा झाकण शेवटपर्यंत आवळा. तरी काम झाले नाही तर नळीची ती कड पाहा. कारखान्यात आट्यांना लावलेले वंगण बऱ्याचदा तिथे साचलेले असते. कापसाच्या बोळ्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, तेही नसेल तर कोरड्या सुती फडक्याने. पॉलिश पेपर लावू नका. थर खरवडला गेला की ते पाव फेऱ्याचे कुलूप कायमचे गेले.

आणि पक्कड तर अजिबात नको. माझ्या ओळखीच्या एका ट्रेकरने हरिश्चंद्रगडाच्या आदल्या रात्री पकडीने टॉर्चचे पुढचे डोके उघडले. तिथले आटे डिंकाने चिकटवलेले असतात. डोके निघाले, सोबत एलईडीची तारही तुटून आली. दोष मागच्या झाकणात होता, ते नीट आवळलेलेच नव्हते. वॉरंटी गेली ती गेलीच, आणि गडावर तो मोबाइलच्या उजेडात चढला.

सेल उलटा, सपाट की उतरलेला?

सर्वांत जास्त घोळ सेलचा. सेलवर १८६५० किंवा २१७०० असा आकडा असतो तो मापाचा: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, २१ जाडी, ७० लांबी. शेवटचे शून्य म्हणजे गोल नळकांडे. जाड नळीच्या टॉर्चबरोबर बारीक सेलसाठी प्लॅस्टिकची बाही येते. ती न घालता बारीक सेल टाकला की तो आत खुळखुळतो आणि टोक टेकत नाही.

प्लस कुठे करायचा? बहुतेक टॉर्चमध्ये डोक्याकडे, पण काहींमध्ये तो शेपटाकडे असतो. नळीवर किंवा झाकणात बारीकसा बाण किंवा खूण असते. चांगल्या टॉर्च उलटा सेल सहन करतात, स्वस्तातल्या करतीलच असे नाही, म्हणून 'उलटसुलट करून बघू' हा प्रयोग आधी खूण पाहून मगच करावा.

दुसरी खुबी अशी: काही सेलचा प्लस सपाट असतो, काहींना बटणासारखा उंचवटा असतो. उलटा सेल टेकूच नये म्हणून अनेक टॉर्चमध्ये प्लसच्या संपर्काभोवती प्लॅस्टिकचे कडे असते. त्यात सपाट डोक्याचा सेल पोचत नाही. सेल उत्तम, टॉर्च उत्तम, मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट. दुकानदाराला सांगून उंचवट्याचा सेल घ्या. टोकावर कथिलाचा गोळा चढवण्याचे किंवा लोहचुंबक ठेवण्याचे जुगाड करू नका. ते सरकले तर शॉर्ट होते, आणि लिथियम-आयन सेलचा शॉर्ट म्हणजे आग.

सेल मुळात उतरलेलाही असू शकतो. नुसते लिथियम-आयन सेल विमानाने मालवाहतुकीत पाठवताना ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेले नसावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे. त्यात गोदामातला काळ जोडा. मल्टिमीटर असेल तर बघा: पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, तीनच्या खाली बहुतेक टॉर्च स्वतःहून बंद राहतात. अडीचच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल चार्ज करण्याच्या भानगडीत पडू नये. मीटरवर अगदी शून्य आले तर मात्र सेलच्या आतले संरक्षक सर्किट तुटक अवस्थेत असण्याची शक्यता असते. चांगल्या चार्जरमध्ये ठेवल्यावर ते पुन्हा जोडले जाते.

चार्जिंगचाही एक डाव आहे. टॉर्चला टाइप-सी भोक असते म्हणून आपण मोबाइलचा नवा चार्जर लावतो, ज्याच्या केबलला दोन्हीकडे टाइप-सी असते. काहीच होत नाही. स्वस्त टॉर्चमध्ये त्या भोकामागे दोन छोटे रोधक बसवायचे राहिलेले किंवा वाचवलेले असतात. ते नसले की नवा चार्जर वीज सोडतच नाही. जुनी, एका बाजूला चौकोनी तोंडाची केबल लावा, बहुतेक वेळा लाल दिवा लागतो.

खरोखरच बिघडली असेल तर

इतके करून अंधारच असेल तर शेवटची एक परीक्षा. मागचे झाकण पूर्ण काढा, सेल आतच असू द्या. जाड तांब्याच्या तारेच्या तुकड्याने सेलचे उघडे मायनस टोक आणि नळीची चकचकीत कड क्षणभर जोडा. बटण बाजूला असेल तर त्याच वेळी ते दाबा. टॉर्च पेटली तर डोके आणि सेल ठीक, दोष झाकणात. सेल काढून झाकणात डोकावलात तर दोन खाचांचे एक कडे दिसेल. प्रवासाच्या धक्क्यांनी ते सैल होते. चिमट्याची दोन टोके खाचांत घालून आवळले की पुष्कळदा काम होते. सेल बाहेर असताना त्याची दोन टोके मात्र तारेने कधीही जोडू नका. त्यावरचे वेष्टन फाटलेले असेल तर तो सेल वापरूच नका. वरचे टोक सोडले तर त्याचे आख्खे अंग मायनस असते.

तारेनेही पेटली नाही, तर ती खुशाल परत पाठवा, आणि लाजू नका. पेटत नसल्याचा व्हिडिओ आधी काढून ठेवा. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात निवारण करायचे असते. टोलवाटोलवी झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

माझी जी एक खरोखर बिघडलेली निघाली, तिच्या विक्रेत्याने पहिल्या मेलला उत्तर दिले, 'बॅटरी चार्ज करून पाहा.' दुसऱ्या मेलला तेच उत्तर. तिसऱ्या वेळी मी तारेच्या परीक्षेचा व्हिडिओ जोडला, तेव्हा चार दिवसांत दुसरी आली. म्हणजे परीक्षा ग्राहकाने करायची, निदानही ग्राहकाने करायचे. मग निदान त्या परीक्षेची रीत तरी त्याच्या भाषेत द्या. पाकिटावरची सक्तीची माहिती हिंदी किंवा इंग्रजीत असली की कायद्याचे समाधान होते. रात्री मोटार चालू करायला निघालेल्या माणसाचे होत नाही. बांधावर घोणस असते, फुरसे असते, आणि त्याला पायाखालचे दिसायला हवे असते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार चित्रे पुरेशी आहेत: चकती काढा, प्लस इकडे, झाकण आवळा, कुलूप असे उघडा.

भावाची परतीची विनंती मी त्याच रात्री रद्द करायला लावली. सकाळी कुरिअरवाला तरीही आला, त्याच्या यादीत नाव होते. भावाने त्याला टॉर्च पेटवून दाखवली आणि ती पांढरी चकतीही. ती आता आमच्या देवळीत, काड्यापेटीशेजारी ठेवलेली असते.